चावडीवरचे दोन विडे

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात रखमाजी नावाचा एक कोष्टी होता. त्या दिवशी बाजार होता. त्याची मुलगी मैना लुगडी विकायला गेली होती आणि तो मागावर बसून, ती परतल्यावर पिठलं करावं की आमटी, याचा विचार करत होता. तेवढ्यात शेजारचा नामा कुंभार दारात येऊन उभा राहिला. तो बाजारातून धावत आला होता. रखमाजीच्या हातातला धोटा तिथेच थांबला.

डोंगरापलीकडची बोली बोलणारी पाच हत्यारबंद माणसं घाटातून बाजारात शिरली होती. त्यांनी काही लुटलं नाही. दहशत बसावी एवढ्यासाठी नऊ जणांना कापलं आणि ती पुन्हा डोंगरात नाहीशी झाली. त्या नवांत मैना होती.

दुसऱ्या दिवसापासून चावडी भरू लागली. सकाळी भरायची, जेवणापुरती उठायची, पुन्हा भरायची. पहाऱ्यावर कोण होतं, वेस कुणी उघडी ठेवली, असं होणार हे आपण आधीच कसं सांगितलं होतं, यावर भांडून लोकांचे घसे बसले. सर्वांत मोठा आवाज गावचा पुढारी दाजिबाचा. “आमच्या मैनेचं रक्त सांडलंय!” म्हणत तो मांडीवर थाप मारी. मैना हयात असताना त्याने तिला कधी नावाने हाक मारली नव्हती. रखमाजी खांबाला टेकून ऐकत राही.

त्या गावाची एक रीत होती. अवघड काम निघालं की पाटील चावडीवर विडा ठेवत. जो उचलेल त्याने ते काम तडीस न्यायचं, आणि ते होईपर्यंत गावाने दुसऱ्या विड्याला हात लावायचा नाही.

चौथ्या दिवशी पाटलांनी विडा ठेवला. “डोंगर चढून मारेकऱ्यांना धरून आणायचं. कोण उचलतो?”

कुणी पागोटं सारखं केलं, कुणी आढ्याकडे पाहिलं. दाजिबाला गुडघ्यातली जुनी कळ आठवली.

“त्यापेक्षा मी काय म्हणतो पाटील,” तो म्हणाला, “नदीकाठी मीठवाल्यांची पालं पडलीत. तेही डोंगरापलीकडचेच, बोलीही तीच. द्या पेटवून! नाक दाबलं की तोंड उघडेल.”

लोकांनी गलका केला. पाटलांनी नाइलाजाने शेजारी दुसरा विडा ठेवला. एकदम वीस हात पुढे आले.

रखमाजीचाही हात शिवशिवला. पालं जवळ होती आणि छातीतला जाळ कुठेतरी ओतायला हवा होता. तो उठला. लोकांनी त्याला वाट दिली. पहिला मान त्याचाच. दोन्ही विड्यांपुढे तो क्षणभर उभा राहिला, आणि त्याने पहिला विडा उचलला.

“अहो रखमाजी, तुम्हाला सुतक आहे!” दाजिबा ओरडला.

“म्हणूनच उचलला. मला माझ्या मुलीला मारणारे हवेत. त्यांच्या बोलीत बोलणारे नकोत.”

रीतीप्रमाणे वीस हात मागे गेले.

नदीकाठी मीठवाल्यांची म्हातारी गंगाक्का पालाच्या तोंडाशी बसली होती. “जाळायला आलास?”

“वाट विचारायला आलो, आक्का.”

म्हातारीने त्याला निरखून पाहिलं. “नवांत माझा नातूही होता. चावडीवर कुणी त्याचं नाव घेतलं का रे?”

“नाही,” रखमाजी म्हणाला. खोटं त्याच्याने बोलवेना.

मग तिने आपल्या मुलांना हाक मारली. “घाटात या दिवसांत पाणी एकाच टाक्याला असतं. माग काढत फिरू नका. टाक्यापाशी दबा धरा.”

तिची चार मुलं, तीन पुतणे, रखमाजी आणि नामा डोंगर चढले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते पाच जण टाक्यावर आले. हत्यारं कातळावर ठेवून पाण्यावर ओणवे झाले, तोच नऊ जणांनी त्यांच्यावर झडप घातली. रक्ताचा थेंब न सांडता पाचही जण दोरखंडांनी बांधले गेले, आणि पुढे राजाच्या न्यायासनापुढे उभे राहिले.

मारेकऱ्यांना घेऊन ते वेशीत आले तेव्हा हलगी वाजली, शिंगं फुंकली गेली, बायकांनी डोंगर चढलेल्या नऊही जणांना ओवाळलं. “मी म्हणतच होतो, पाण्यावर धरा!” दाजिबाने छाती फुगवली, आणि इतक्या दिवसांत चावडी पहिल्यांदा खदखदून हसली. पुढच्या बाजाराला एकही दुकान कमी नव्हतं. दहशत बसवायला आलेले हरले होते.

मीठवाल्यांची पालं नदीकाठी तशीच उभी आहेत. चावडीने मात्र त्यांची माफी अजून मागितलेली नाही.

तात्पर्य: मेलेल्यांच्या नावाने ओरडायला घसा पुरतो, त्यांना न्याय मिळवून द्यायला डोंगर चढावा लागतो; आणि खरा संताप गुन्हेगाराला शोधतो, जवळ सापडेल त्याला नाही.