दोडक्याच्या फुलातली वाटी

डोंगराच्या पायथ्याशी रुमालाएवढं एक शेत होतं. दोन वाफे मेथीचे, एक वांग्यांचा, बांधावर शेवग्याचं झाड आणि कडेला इवलंसं कौलारू घर. घरात राहायची वेणू आणि तिची आई. वेणू रांगत होती तेव्हाच तिचे बाबा देवाघरी गेले होते. गोठ्यात चांदी नावाची पांढरीशुभ्र गाय होती, पहिल्यांदाच गाभण. बस्स, एवढंच त्यांचं राज्य.

एकदा काय झालं, आईच्या पायात बाभळीचा काटा मोडला. पाय सुजून टम्म झाला. मग सगळी कामं आली आठ वर्षांच्या वेणूवर. ती शेण काढायची, गोठा झाडायची, छोट्या कळशीनं पाणी आणायची, चांदीला गवत घालायची आणि मग चुलीपुढे बसून भाकरी थापायची. भाकरी काही गोल व्हायची नाही. एकदा तर हुबेहूब कासव झालं. आईनं ते कासव कौतुकानं खाल्लं, अगदी शेपटीसकट!

एका संध्याकाळी वेणू दोडक्याच्या वेलाला पाणी घालत होती. तुम्ही दोडक्याचं फूल पाहिलंय का? ताटातला दोडका बघून नाक मुरडणारी मंडळी फूल कशाला बघतील म्हणा! कितीतरी फुलं सकाळी उमलतात, पण हे फूल उमलतं दिवस कलल्यावर. पिवळंधमक, हळदीत बुडवून काढल्यासारखं. त्या दिवशी सगळा मांडव फुलांनी लखलखत होता. त्यातलं एक फूल थरथरलं, सोनेरी भुकटी भुर्रकन उडाली आणि पाकळीच्या काठावर एक परी येऊन बसली. बोटाच्या पेराएवढी! हिरवी झुळझुळीत ओढणी, काचेसारखे पंख आणि नाकाच्या शेंड्यावर परागाचा पिवळा ठिपका.

"अगं, हळू! माझे पंख भिजले ना," परी म्हणाली.

"चुकलं माझं," वेणू म्हणाली आणि तिनं परकराच्या टोकानं ते चिमुकले पंख अलगद टिपले.

परीला फार बरं वाटलं. "रोज बघते मी तुला. मुंग्यांची रांग चुकवून पाणी घालतेस. म्हणून तुला तीन संध्याकाळी तीन इच्छा." तिनं ओढणीतून बोराएवढी सोन्याची वाटी काढली. "पण नियम आहेत हं! वाटीत मावेल एवढंच मागायचं. सकाळी ऊन गोठ्याच्या उंबऱ्याला टेकायच्या आत वाटी या फुलात परत ठेवायची. आणि ती रिकामी हवी. तिच्यात कणभर जरी काही असलं, तरी जादू आटते. मग पुढची इच्छा नाही."

वेणूनं क्षणाचाही विचार केला नाही. "माझ्या आईच्या पायाला लेप हवा."

वाटी हिरव्यागार, घमघमणाऱ्या लेपानं भरली. वेणूनं तो आईच्या पायाला लावला. सकाळी सूज गायब! आई उठली, चार पावलं चालली, मग अंगणभर चालली, आणि तिनं वेणूला उचलून गरागरा फिरवलं.

वेणूनं वाटी घासली, पुसली, लख्ख केली. ऊन अंगणात आलं होतं. ती धावतच निघाली आणि दारात थबकली. आईची शिकवण हातात मुरली होती तिच्या. कुणी भांडं भरून काही दिलं तर ते रिकामं परत करायचं नाही. काही नसलं तर साखरेचे चार दाणे घालावेत, निदान कढीपत्त्याची डहाळी. घरात साखर नव्हती. भाकरीबरोबर खायला ठेवलेला तिच्या वाटणीचा गुळाचा खडा तेवढा होता. तिनं तो वाटीत घातला, फुलात ठेवला, आणि तेव्हा कुठे तिला परीचं बोलणं आठवलं.

"अगं बाई! रिकामी ठेवायची होती!"

तिनं हात पुढे केला, पण ऊन उंबऱ्याला टेकलं होतं. फूल मिटलं. पुन्हा हलक्या हातानं उघडून पाहिलं, तर आत ना वाटी, ना गूळ. वेणूला रडूच कोसळलं.

त्याच दुपारी चांदी व्याली. तपकिरी रंगाची, कपाळावर पांढरा टिळा असलेली गोजिरवाणी कालवड! पण ती उठेचना. पाय ताणायची आणि मान टाकायची. चांदीही घाबरली होती. आईनं धार काढायला हात लावला की लाथा झाडायची.

"वासराचं तोंड लागल्याबिगर ती पान्हा सोडायची न्हाई," आई म्हणाली. "आन् पहिलं दूध आजच पोटात गेलं न्हाई, तर पिल्लू जगायचं न्हाई बाय."

वेणू वासराजवळ बसली. गवताच्या बोळ्यानं त्याचं अंग चोळलं, कानात फुंकर घातली, गाणं म्हटलं. वासरू तिच्याकडे मोठ्ठ्या काळ्या डोळ्यांनी बघत राहिलं. दिवस कलला. ती मांडवाकडे धावली. फुलं उमलली होती. तिनं एकेका फुलात डोकावून हाक मारली. परी कुठेच नव्हती. एका गुळाच्या खड्यापायी वासरू जाणार, असं वाटून तिचा जीव तुटत होता. ती गोठ्यात परतली आणि वासराच्या गळ्यात हात टाकून रडू लागली.

"पुरे गं, किती रडशील? तुझं वासरू पुरात वाहून जाईल!"

गव्हाणीच्या काठावर परी उभी होती! हातात सोन्याची वाटी, काठोकाठ भरलेली.

"पण जादू तर आटली ना?" वेणू हुंदके देत म्हणाली.

"आटली की! मी इच्छा पुरी करायला आलेच नाही," परी म्हणाली. "किती वर्षं आम्ही वाट्या देतोय. काही चाटूनपुसून परत आल्या, काही परतच आल्या नाहीत. भरून मात्र कुणीच पाठवली नव्हती. तुझा गूळ आम्ही एकोणीस पऱ्यांनी वाटून खाल्ला. आमच्या थोरल्या ताई म्हणाल्या, नियम परक्यांसाठी असतात. हे घर आता शेजाराचं झालं. तुम्ही खाल्ल्या मिठाला जागता ना? मग आम्ही खाल्ल्या गुळाला जागायला नको? आज दिवसभर आम्ही फुलाफुलांतून हा मध गोळा केलाय. घे."

वेणूनं बोटानं मधाचा थेंब वासराच्या जिभेवर ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. वासरानं मिटक्या मारल्या. कान हलवले. पुढचे पाय टेकले, धपकन पडलं, पुन्हा उठलं आणि डुगडुगत थेट चांदीच्या कासेला जाऊन भिडलं! चांदी शहाण्यासारखी उभी राहिली आणि पिल्लाला चाटू लागली. आई दारात उभी राहून डोळे पुसत होती.

"येते मी," परी म्हणाली.

"अगं, वाटी राहिली तुझी!"

"राहू दे. शेजारणीचं एखादं भांडं आपल्याकडे असायचंच!"

परी हसली. तिच्या पंखांतून पिवळा, हळदुला उजेड पसरला, गव्हाणीवर, शिंगांवर, वासराच्या ओल्या नाकावर. उजेड विरला तेव्हा ती दिसेनाशी झाली होती.

दुसऱ्या दिवशी घरभर खरवसाचा वास दरवळला. वेणूनं सोन्याच्या वाटीत एक इवलीशी वडी ठेवली.

"एवढूसा खरवस कुणासाठी गं?" आईनं विचारलं.

"शेजारी द्यायचाय."

त्या बाजूला दोडक्याच्या मांडवाशिवाय काहीच नव्हतं. आईनं वाटीकडे पाहिलं, वेणूकडे पाहिलं, आणि वडीवर चिमूटभर वेलदोड्याची पूड भुरभुरली.

"सांडू नको हं," ती म्हणाली. "आन् त्यास्नी म्हणावं, पुन्हा या."