कातरी आणि आवरीमावशी

आटपाट वालाचा दाणा होता, बियाण्यासाठी राखेत जपलेला. आत कोंबाचं बाळ निजलं होतं. दाण्यातल्या कोठारातलं अन्न बारीक कातरून बाळाला भरवायचं, हे कातरी नावाच्या विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, काम. पण तिच्या पात्यांमध्ये विकरांना आवरून धरणारी आवरीमावशी ठाण मांडून बसलेली.

“मावशी, सर ना बाजूला! बाळ उपाशी राहील.”

“निजलेल्याला भूक नसते गं. आत्ताच सगळं कातरलंस, तर जागं झाल्यावर काय भरवशील?”

कातरी रुसलीच.

भातकापणी झाली आणि दाणा ओलसर मातीत पेरला गेला. पाणी आत झिरपलं, बाळानं कूस बदलली, तशी मावशी अलगद सुटून पाण्याबरोबर निघाली.

“अगं मावशी, बाळाला बघून तरी जा!” कातरी कळवळली.

“इतके दिवस त्यालाच तर बघत होते. भरव आता.”

कातरीनं कोठार उघडलं. एक कणही कमी झाला नव्हता.