परवलीचा शब्द

माणसाचा पाय रानात पडला नव्हता तेव्हा कुणाचं बीळ कुठलं, याच्या नोंदी सिंहाच्या कचेरीत असत. दारावरच्या कासवाला परवलीचा शब्द सांगितला की आत जाता येई.

एकदा उंदराने आत शिरून सगळ्या नोंदी कुरतडल्या. लगेच साळिंदरबाईच्या बिळावर कोल्ह्याने हक्क सांगितला. बिचारी पिल्लांसकट उघड्यावर आली.

उंदीर पकडला गेला. “शब्द कुणी फोडला रे?” सिंह गरजला.

“कुणी नाही. महाराजांचंच नाव घेऊन पाहिलं, तर दार उघडलं.”

“कोंडा याला! शब्द बदला!”

“युवराजांचं नाव ठेवतो,” कासव अदबीने म्हणालं.

सिंह खूश झाला.

“अहो, ते तर शेंबड्या पिल्लालाही ठाऊक आहे!” साळिंदरबाई फणकारली. नव्या नोंदीसाठी ती थांबलीच नाही. काटे फुलवून सरळ कोल्ह्याच्या अंगावर गेली.