बरोबरीत सुटलेली कुस्ती

"सुबराव पैलवान हरले, असं जगानं वाचायचं व्हय, वस्ताद?"

बिरदेवनं मोबाईल पुढं धरला. हिंदुराव वस्ताद तालमीच्या हौद्यातल्या लाल मातीत ताक आणि हळद कालवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय झालं?"

"इंटरनेटवर त्यांचं चरित्र हाय. आपली तालीम ज्यांनी काढली त्यांचं, आन् नुसत्या चुका. जन्मगाव चुकलेलं, वडलांचं नाव चुकलेलं. फोटो तर भलत्याच माणसाचा. सगळं मी दुरुस्त केलं."

"बेस केलंस."

बिरदेवची छाती फुगली. छाती मुळातच भरदार, आणि तालुक्यात नावही होतं. पण महिन्यामागं जत्रेच्या मैदानात त्याची पाठ टेकली आणि गडी पुन्हा मातीत उतरला नाही. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून यायचा, कडेला बसायचा आणि तालमीच्या नावासाठी मोबाईलवर लढायचा. तिथं अंगाला माती लागत नाही.

"एकच चूक ऱ्हातीया, वस्ताद. संस्थानच्या मैदानात फैजू पंजाब्यानं सुबरावांना चितपट केलं, असं लिवलंय. मी ते काढून 'कुस्ती बरोबरीत सुटली' असं घातलं."

"मग?"

"कोणतरी रोज सकाळी परत 'चितपट' लिवतंय. घावला तर हाडं मोडीन."

वस्तादांनी हात धोतराला पुसला. खिशातून स्वतःचा मोबाईल काढला, एका बोटानं चाचपडत तेच पान उघडलं आणि बिरदेवला दाखवलं. आज सकाळची दुरुस्ती त्यांच्याच खात्यावरून झाली होती.

"मोड हाडं," वस्ताद म्हणाले.

"तुमी...?"

"नातीनं शिकिवलं."

बिरदेवला रागच आला.

"आपल्याच माणसाची हार आपणच लिवायची? तालमीची शंभरी आलीया. पाहुणे वाचतील."

"वाचू देत. माझ्या वस्तादांनी पोरवयात ती कुस्ती बघितली हुती. डाव कळायच्या आत सुबराव पडले. बरं, त्येच्या फुडं काय लिवलंय?"

बिरदेवनं वाचलं. "पुढची दोन वर्षे सुबराव पंजाबात फैजूच्या तालमीत राहिले."

"कशापायी? बरोबरी झाली म्हणून?"

बिरदेव ती ओळ पुन्हा वाचू लागला, तोवर वस्तादांनीच सांगितलं.

"दुसऱ्या दिशी फैजूच्या बिऱ्हाडी गेले. म्हणाले, काल ज्या डावावर मला पाडलंसा, त्यो शिकवा. दोन वर्सं त्याचं पाय दाबलं. आज आपल्या तालमीला ज्या डावावरनं वळखत्यात, त्यो तिथला हाय. हार पुसलीस तर डावबी पुसावा लागंल."

"माझीबी बरोबरीतच सुटली हुती, वस्ताद," बिरदेव एकदम म्हणाला. "जत्रेतली. पंचानं घाई केली."

वस्तादांनी त्याच्या पांढऱ्या सदऱ्याकडं बघितलं.

"न्हाई," बिरदेव म्हणाला. "पडलो. दोन्ही खांदं लागलं. गावभर मी खोटं सांगत फिरलो. हितं आलो की लाज वाटती, वस्ताद. लई लाज वाटती."

वस्ताद उठले. हौद्यातली ओली माती मूठभर घेतली आणि त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर, पाठीच्या मधोमध, थापली.

बिरदेवनं ती झटकली नाही. मग त्यानं मोबाईलकडं पाहिलं.

"मग त्या पानावर आता काय लिवू?"

"पानाचं मी बघतो," वस्ताद म्हणाले. "तू लंगोट लाव."