राखेच्या रेघेपलीकडची अंबाडी

पूर्णा नदीवर पूल झाला, त्याच्याही फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. काठगव्हाण हे गाव नदीच्या अलीकडे आणि बाजार, दवा देणारा वैद्य, लेकीबाळींची सासरं सगळं पलीकडे. ये-जा करायला एक नाव होती. या काठापासून त्या काठापर्यंत एक जाड दोर बांधलेला असे, आणि नावाडी त्या दोराला धरून नाव ओढत नेई. त्या नावाड्याचं नाव नारबा. त्याची बायको धुरपता. तिलाच आज सगळे धुरपतामाय म्हणतात.

एका भादव्यात नदीला मोठा पूर आला. नावेत सात माणसं होती. वरून वाहत आलेलं झाड दोरात अडकलं आणि नाव कलंडायला लागली. नारबानं कुऱ्हाडीनं दोर तोडला. नाव सुटली, खालच्या वळणावर चिखलात जाऊन रुतली आणि सातही माणसं वाचली. तुटलेल्या दोराचं टोक मात्र नारबाच्या पायात गुंतलं होतं. नारबाही गेला आणि दोरही गेला.

गावाला दोराशिवाय चालण्यासारखं नव्हतं. गावात तेव्हा, नारबाचं सोडून, बत्तीस घरं होती. प्रत्येक घरानं दहा हात दोर होईल एवढा अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचा धागा, दिला. आठ दिवसांत नवा दोर वळला गेला, शेजारच्या गावचा नावाडी आला आणि नाव पुन्हा चालू झाली.

तेराव्यानंतर धुरपता पहिल्यांदा विहिरीवर गेली. तिथे भागाबाई नावाची एक करारी बाई पाणी शेंदत होती. पाठीमागे कोण उभं आहे हे तिनं पाहिलं नव्हतं. ती सहज म्हणाली, "नारबानं दोर तोडला नसता तर घरोघर वाख मागत हिंडायची पाळी आली नसती बाई." धुरपता रिकामी घागर घेऊन परत फिरली.

तशीच ती पाटलाकडे गेली आणि दारात उभी राहून म्हणाली, "माझ्या घरावर बत्तीस घरांचा दोर हाय. तो मी फेडीन."

पाटील भला माणूस होता. नवरा गेलेली बाई, दुःखात काहीतरी बोलतेय, आत्ता हिच्याशी वाद कशाला घालायचा, असं त्याला वाटलं. तो म्हणाला, "बरं माय." आणि विसरून गेला.

धुरपता विसरली नाही. दोर फिटेपर्यंत कुणाच्या ओट्यावर बसायचं नाही, कुणाच्या घरचा विस्तव, ताक, मीठ काही घ्यायचं नाही, असं तिनं ठरवलं.

तिच्या घरात तीन माणसं उरली होती. ती, तीन वर्षांची लेक कौसा आणि आंधळा सासरा सटवाजी. जमीन नव्हतीच; धुरपता दुसऱ्यांच्या शेतात राबून मजुरीचे जोंधळे आणी. घरामागे परस होतं, चार बाजा मावतील एवढं. धुरपतानं नदीचा गाळ डोक्यावरून वाहून आणला आणि त्या परसात पसरला. भांडी घासल्याचं पाणी, आंघोळीचं पाणी, तांदूळ धुतल्याचं पाणी, सगळं परसात जाई. कुडावर दोडका चढवला, छपरावर भोपळा, आळ्याच्या कडेनं कांदा. बाकी सगळी अंबाडी.

अंबाडीचं एक आहे. कोवळे शेंडे खुडले तर भाजी होते आणि गरिबाचं घर त्या भाजीवर पावसाळा काढतं. पण शेंडा खुडला की झाडाला फांद्या फुटतात, आणि फांद्या फुटलेल्या झाडाचा वाख तोकडा निघतो, दोराच्या कामाचा राहत नाही. दोर हवा असेल तर अंबाडीला हात लावायचा नाही. म्हणजे त्या घरानं खाल्लेला प्रत्येक घास दोरातून कमी होणार होता.

म्हणून धुरपतानं परसाच्या मधोमध चुलीतल्या राखेची रेघ ओढली. रेघेच्या अलीकडची अंबाडी खायची, पलीकडची दोराची. पावसानं रेघ पुसली की ती पुन्हा ओढी.

कौसा थोडी मोठी झाली तेव्हा तिनं विचारलं, "माय, पलीकडची भाजी कुणाची?"

"बत्तीस घरांची," धुरपता म्हणाली.

त्यानंतर कौसानं कधी विचारलं नाही.

फुलं दिसायला लागली की धुरपता पलीकडची अंबाडी कापी, पेंड्या बांधून नदीच्या डोहात दगडाखाली बुडवून ठेवी. पंधरा दिवसांनी कुजून वास सुटला की साल सोलून, धुऊन वाख वाळवी. सोललेल्या काड्या चुलीला होत. सासऱ्याला दिसत नव्हतं, पण त्याच्या हाताला पीळ बरोबर कळे. तो एका टोकाला बसे, ती दुसऱ्या टोकाला. एकवेळ भाकरी, एकवेळ जोंधळ्याच्या कण्या आणि भाजी. भाजीला तेल फक्त सणाला. दिवेलागणीला जेवणं उरकून दिवा मालवायचा. असं त्यांचं चाले.

पहिल्या वर्षी दोन घरांचा दोर झाला. धुरपता दहा हातांचं वेटोळं घेऊन पहिल्या घरी गेली, ओट्यावर ठेवलं, हात जोडले आणि न बसता परत आली. दुसऱ्या घरीही तसंच.

घरातली माणसं त्या वेटोळ्याकडे बघत राहिली. त्यांना वाटलं, हिचा नवरा वाहून जाताना आपल्यातलं कुणी पाण्यात उडी घेतली नाही, याचा राग हिच्या मनात आहे. ती आपलं दिलेलं तोंडावर फेकतेय. गावाच्या मनात त्या दिवसाची लाज होतीच. लाजलेलं माणूस समोर यायचं टाळतं. लग्नाची बोलावणी आली तर धुरपता दारातूनच हात जोडी. मग बोलावणी कमी झाली. मग वाटेवरच्या हाका कमी झाल्या. बायका तिच्या परसाच्या कुडापर्यंत येत, क्षणभर थांबत आणि वळून जात. धुरपताला वाटे, त्या दोर मोजायला येतात.

असं म्हणतात, त्या वर्षांत तिच्या परसात चिमण्यासुद्धा आवाज न करता उतरत.

दहा वर्षं गेली. तेवीस घरं झाली, नऊ राहिली. कौसा लग्नाची झाली, पण त्या दाराकडे कुणी येत नव्हतं तर स्थळ कुठून येणार? धुरपता सासऱ्याला म्हणे, "नऊ घरं राहिली, मामंजी. तेवढी झाली की आपण माणसांत येऊ."

अकराव्या वर्षी पाऊस आला नाही. जोंधळे पेरलेच गेले नाहीत. विहिरीचा तळ दिसला. धुरपता नदीच्या वाळूत खड्डा करून वाटीवाटीनं पाणी भरी. दिवसाला दोन घागरी मिळत. एक घरात आणि एक परसात. परसातली घागर ती रेघेच्या पलीकडे ओती. अलीकडची बाजू आपली आहे, आपलं थांबेल, दुसऱ्याचं कसं थांबवायचं, असं ती म्हणे. अलीकडची अंबाडी करपली. पलीकडची गुडघाभर हिरवी उभी राहिली.

भाकरी अर्धी झाली. सटवाजी म्हणायला लागला, "मला भूक नाही गं. म्हाताऱ्याला किती लागतं?" धुरपताला ते खरं वाटलं, कारण तिला ते खरं असायला हवं होतं. श्रावण संपायच्या आत एका सकाळी दोराचं टोक हातात धरूनच सटवाजी गेला.

गावातले पुरुष आले, खांदा दिला. ज्या घरी मयत होतं त्या घरी चूल पेटत नाही. शेजारचे भाकरी-पिठलं आणतात, त्याला कडू घास म्हणतात. तो नाही म्हणायचा नसतो. त्या दुष्काळातही भागाबाईनं टोपलं पाठवलं. धुरपतानं ते उचललं आणि तसंच कुडाबाहेर ठेवून दिलं. गावानं ते पाहिलं. आता याहून मोठा राग तो कोणता असणार?

टोपलं परत गेल्यावर कौसा म्हणाली, "माय, आजा रोज त्याची भाकरी मला द्यायचा. मायला सांगू नको म्हणायचा."

धुरपता परसात गेली आणि रेघेपाशी बसली. ऊन डोक्यावरून कलेपर्यंत ती तिथेच बसून होती. मग उठली, रेघ ओलांडली आणि पलीकडचे ओंजळभर शेंडे खुडले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ते शिजवून तिनं कौसाला वाढले.

आणि असं म्हणतात, खुडलेल्या झाडांना फांद्या फुटल्या नाहीत. जिथे खुडलं तिथूनच शेंडा सरळ वर निघाला. तिनं दुसऱ्या दिवशी खुडलं, तिसऱ्या दिवशी खुडलं. अंबाडी कमरेला लागली, डोक्यावर गेली, छपराच्या वर गेली. पाऊस नाही, पाणी एक घागर, तरी कापताना दोन माणसं खांद्यावर घेतील अशा पेंड्या झाल्या. गावातली पोरं लांबून बघायला येत. धुरपतानं मात्र त्या अंबाडीकडे एकदाच मान वर करून पाहिलं. ती म्हणाली, "हे आधी कळतं तर."

डोहाच्या तळाशी उरलेल्या गढूळ पाण्यात पेंड्या कुजल्या, आणि त्या वर्षी एकदम नऊ घरांचा दोर झाला. वळायला आता दुसऱ्या टोकाला कौसा बसे.

शेवटचं वेटोळं भागाबाईचं होतं. भागाबाई म्हातारी झाली होती. धुरपतानं वेटोळं ओट्यावर ठेवलं. पण या वेळी ती परतली नाही. पदर सावरून ओट्याच्या कडेला बसली.

भागाबाई तिच्याजवळ येऊन टेकली. मग म्हणाली, "बसलीस माय. अकरा वर्षं राग धरलास. आम्ही वाईट होतो, पण इतके होतो का?"

"राग कसला, भागाआत्या? दोर होता ना तुमचा."

"कोणी मागितला होता तुला दोर?"

"विहिरीवर तुम्हीच म्हणालात. त्यांनी दोर तोडला नसता तर घरोघर मागत हिंडायची पाळी आली नसती."

भागाबाईनं आठवून पाहिलं. पुन्हा आठवून पाहिलं. "मी म्हणाले असं?" ती हळूच म्हणाली. तिला काही आठवत नव्हतं. मग ती आत गेली आणि स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन आली. "माझी दोन नातवंडं होती त्या नावेत. नारबानं दोर तोडला म्हणून ती हायत. मी तुझ्याकडून दोर घेणार होते?"

धुरपतानं तांब्या घेतला आणि पाणी प्यायली. ते त्याच विहिरीचं पाणी होतं जे ती इतकी वर्षं पीत आली होती. "मामंजी उपाशी गेले, आत्या," एवढंच ती म्हणाली.

कौसाचं लग्न पुढच्या वर्षी नदीपलीकडे झालं. सगळं गाव राबलं. धुरपता त्यानंतर सतरा वर्षं त्या घरात एकटीच राहिली. दार उघडं असे, बायका येत, बसत. पण अकरा वर्षं न बोललेली जीभ पुरती सैल झाली नाही. बोलता बोलता ती मध्येच थांबे आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघे, जिथे दोराचं दुसरं टोक धरून म्हातारा बसायचा. असं म्हणतात, ती गेली त्या दिवशी नदीवरचा दोर वारा नसताना या काठापासून त्या काठापर्यंत थरथरत होता. नावाड्यानं नाव अर्ध्यात थांबवली आणि डोक्यावरचं मुंडासं काढलं.

आता पूल आहे. नाव नाही, दोरही नाही. पण काठगव्हाणात आजही प्रत्येक घराच्या परसात, नाहीतर दारातल्या डब्यात, अंबाडी पेरतात. श्रावणातल्या शेवटच्या शनिवारी कुणीही परसाचं दार लावत नाही. ज्या घराशी वर्षभर बोलणं झालं नाही, ज्या दारात जायचं राहून गेलं, त्या घराच्या मागच्या बाजूनं माणसं शिरतात आणि न विचारता मूठभर शेंडे खुडून नेतात. घरधनी काही म्हणत नाही. त्या संध्याकाळी सगळ्या गावात दुसऱ्याच्या परसातली भाजी शिजते.

आणि चुली पेटायच्या आधी गावातली सगळ्यांत म्हातारी बाई काठी टेकत गल्लीगल्लीतून फिरते. एखाद्या परसातली अंबाडी शेंड्यासकट तशीच उभी दिसली, तर ती आत जाते, काठी बाजूला ठेवते आणि वाकून खुडायला लागते.