उलटं उद्गारचिन्ह

“पण आबा, यंत्र बोललंच नाही, तर अक्षर उमटलं हे मला कळायचं कसं?”

आबा देवकुळे नुसते हसले. हा माणूस जन्मांध. चाळीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होता, आणि आता नाशिकच्या एका अंधशाळेच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटर शिकवतो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज आबांच्या इतका अंगवळणी पडला होता की घरी तो नसला तर त्यांना करमत नसे.

विचारणारा होता निरंजन ठोसर. वीस वर्षं त्यानं कॉलेजात स्पॅनिश शिकवलं होतं. तीन वर्षांपूर्वी डोळे गेले, नोकरी सुटली, पण ताठा काही सुटला नाही. चार माणसांत चाचपडायला त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, म्हणून कुठेही बसला की हात मांडीवर घट्ट धरून बसायचा. आत्ताही तसाच बसला होता.

“पुन्हा सांग, काय झालं?” आबा म्हणाले.

“पिंपळगावचे एक शेठ द्राक्षं बाहेर पाठवतात. त्यांना स्पॅनिश पत्रं लिहिणारा हवाय. काल नमुन्याचं पत्र पाठवलं, तर म्हणाले, भाषा झकास आहे, पण पत्राला उचकी लागलीय! जिथे एक खूण हवी तिथे चार. आज एक वाजेपर्यंत दुसरी संधी दिलीय. नाही जमलं तर काम दुसऱ्याला.”

घड्याळ अकरा म्हणालं. आबांच्या खोलीतलं घड्याळसुद्धा बोलायचं.

“मावशी, चहा द्या हो एक,” निरंजन म्हणाला.

“आणते की, दादा,” शाळेत चहापाणी बघणाऱ्या सरूमावशी म्हणाल्या.

त्या खोलीत एक रीत होती. कुणापुढे काही ठेवायचं तर टेबलावर दोनदा ठकठक करायचं, म्हणजे समोरच्याला कळतं. पाहुणा असो की खुद्द संस्थेचा अध्यक्ष, ठकठक केल्याशिवाय कुणी काही ठेवत नसे.

“चार खुणा कशा आल्या?” आबांनी विचारलं.

“स्पॅनिशमध्ये उद्गारवाचक वाक्याच्या आधीही एक चिन्ह लागतं. उलटं.”

“म्हणजे आनंद होणार आहे, हे आधीच सांगून ठेवायचं? बरी भाषा आहे!”

निरंजनला हसू आलं नाही. “ऑल्ट दाबून धरायचं आणि उजवीकडच्या आकड्यांवर एकशे त्र्याहत्तर. मी दाबलं, यंत्र गप्प. मला वाटलं, आलं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा गप्प...”

“अक्षर बोलणं बंद केलंयस?”

“हो. दाबलेलं एकेक अक्षर बोलून दाखवणं नवशिक्यांना ठीक आहे, आबा. मी पूर्ण शब्द ऐकतो. तेही तिप्पट वेगानं.”

“वा.”

आबांनी हा ‘वा’ असा काही काढला की शेजारच्या यंत्रावर बसलेली चंद्रिका खुदकन हसली. निरंजनच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“मावशी, चहाचं विसरलात का?”

“छे हो, दादा. आणते.”

आल्याचा वास तर खोलीभर दरवळत होता. आबा फुर्रर करून आपला चहा पीत होते. निरंजनपुढे मात्र ठकठक नाही.

“आबा, एक सोपा उपाय आहे,” तो म्हणाला. “माझी बायको विदुला बाहेर बाकावर बसलीय. तिला आत बोलावतो. ती पडदा बघून सांगेल, आलं की नाही.”

“शिकताना या खोलीत डोळस माणूस पडद्यापाशी बसत नाही.”

“मग तुम्ही सांगा!”

“मला स्पॅनिश कुठे येतं?”

“मग करू काय मी?” निरंजनचा आवाज चढला. “तीन वर्षं घरात बसून आहे. ती बिचारी एका शब्दानं बोलत नाही. या पत्रावर माझं सगळं आहे, आबा. कुणालातरी माझी भाषा हवीय... अजून हवीय.”

खोलीतल्या सगळ्यांची बोटं थांबली होती. कुणावर चिडावं ते निरंजनला कळेना, म्हणून तो मावशींवर चिडला.

“अहो मावशी, चहा मागतोय, जहागीर नाही मागत!”

“आणते, आणते.”

पावलं आली, पावलं गेली. पण ठकठक नाहीच.

“निरंजन,” आबा म्हणाले, “हात पुढे कर.”

“कशाला?”

“कर तर खरं.”

त्यानं उजवा हात मांडीवरून उचलला. इतक्या जणांत असं चाचपडायचं... बिचारा टेबलाच्या कडेशीच घुटमळला. मग बोटं पुढे सरकली.

ग्लास. गरम, हाताला चटका बसेल इतका.

त्याच्या पलीकडे आणखी एक ग्लास, कोमट.

त्याच्याही पलीकडे तिसरा. गार झालेला, वर साय धरलेला.

“अगं बाई,” मावशी म्हणाल्या, “तीन-तीन चहा घेता होय, दादा? झोप यायची नाही हो!”

“ठकठक केलं नाहीत तुम्ही!”

“आबांनी सांगितलं होतं, आज करू नको म्हणून.”

निरंजनचा हात अजून त्या गार ग्लासवरच होता...

आणि मग तो हसला. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग पोट धरून. चंद्रिका हसली, मावशी हसल्या, दारातून विदुलानं डोकावून “काय झालं?” विचारलं, तर कुणाला सांगता येईना. तीन वर्षांत नवऱ्याला असं हसताना तिनं पाहिलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि तीही उगाचच हसायला लागली.

निरंजननं नाक पुसलं, कालचं पत्र उघडलं आणि पहिल्या ओळीच्या शेवटावर जाऊन डावा बाण दाबायला सुरुवात केली. एकेक अक्षर, मागे मागे. हे त्यानं आजवर कधी केलं नव्हतं. मागे जाऊन चाचपायचं म्हणजे त्याला कमीपणा वाटायचा.

“उलटं उद्गारचिन्ह,” यंत्र म्हणालं.

पुन्हा बाण.

“उलटं उद्गारचिन्ह.”

“उलटं उद्गारचिन्ह.”

“उलटं उद्गारचिन्ह.”

“शेठजींना काय आनंदानं हाक मारलीस रे!” आबा म्हणाले, आणि खोलीत पुन्हा हशा पिकला.

मग निरंजननं नवं कोरं पान घेतलं. ऑल्ट, एकशे त्र्याहत्तर. यंत्र बोललं नाही. त्यानं एकदा डावा बाण दाबला. होतं, एकच होतं. तो उजवा बाण दाबून पुढे आला आणि लिहीत सुटला. मध्ये ‘न’वर लाट असलेलं अक्षर आलं, त्यासाठी एकशे चौसष्ट, आणि पुन्हा एकदा मागे जाऊन खात्री. त्याचा वेग निम्म्यावर आला होता. पण पाठ सैल पडली होती आणि तो चक्क गुणगुणत होता.

पावणेबाराला पत्र गेलं.

साडेबाराला फोन वाजला. शेठजी स्वतः बोलत होते. “ठोसर सर, एकही उचकी नाही! उद्यापासून मजकूर पाठवतो, पत्रं सगळी तुम्हीच लिहायची.”

निरंजननं फोन ठेवला. विदुलानं येऊन त्याचा खांदा धरला. त्याला इतका आनंद झाला होता की तो उठून उभाच राहिला.

“आबा, आज सगळ्यांना माझ्यातर्फे चहा! मावशी, चहा! मावशी, ऐकलंत का? चहा...”

आबांनी त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं.

“एकदाच सांग,” ते म्हणाले. “मग हात पुढे कर.”