शिंपिणीचं पिल्लू आणि गल्लीतला नळ

एक होतं शहर. शहरात होती शेवग्याची गल्ली. गल्लीच्या तोंडाशी होता एक नळ. नळाशेजारी होती जास्वंद. आणि जास्वंदीच्या पानात होतं एक घरटं.

एवढंसं घरटं! वाटीएवढंसुद्धा नाही.

घरट्यात राहायची शिंपीण. शिंपीण म्हणजे कोण? अंगठ्याएवढी पक्षीण. चोचीनं पानं शिवते, म्हणून तिचं नाव शिंपीण. तिला होतं एक पिल्लू. पिल्लाचा बाबाही होता. तिघं मजेत होती.

एक दिवस काय झालं?

पिल्लाला लागली तहान. पिल्लू उतरलं खाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. नळाखाली साचलं होतं पाणी. पिल्लू प्यायलं. एक चोच. दोन चोची.

पाणी होतं पिवळं. पाण्याला येत होता वास. पिल्लाला काय कळतंय?

सकाळ झाली. पिल्लाला आईनं हाक मारली. पिल्लू बोलेना. पिल्लू हलेना. पिल्लू डोळे उघडेना.

बाबानं पिल्लावर पंख पसरला. शिंपीण म्हणाली, "तुम्ही याच्याजवळ बसा. मी चांगलं पाणी आणते."

टुणुक टुणुक, भुर्र! शिंपीण गेली नळाकडे.

टप टप, टप टप. नळ गळत होता.

"नळदादा, नळदादा, चांगलं पाणी द्या.
माझं पिल्लू डोळे उघडेना!"

नळ म्हणाला, "मी तरी काय करू? पाइप देतो तेच मी देतो. पाइपमामा चांगलं पाणी देऊ देत, मग मी तुला देईन."

टुणुक टुणुक, भुर्र! शिंपीण गेली पाइपाकडे.

पाइप होता रस्त्याखाली. वर होतं लोखंडी झाकण. झाकणाच्या फटीतून शिंपिणीनं आत चोच घातली. आत अंधार. गुड गुड, गुड गुड.

"पाइपमामा, पाइपमामा, चांगलं पाणी द्या.
नळाला चांगलं पाणी येईना,
माझं पिल्लू डोळे उघडेना!"

पाइप म्हणाला, "मी तरी काय करू? माझ्या पोटाला भोक पडलंय. शेजारून गटार वाहतं. गटाराची घाण माझ्या पोटात शिरते. फिटरचाचा मला सांधू देत, मग मी घाण थांबवीन."

टुणुक टुणुक, भुर्र! शिंपीण गेली फिटरचाचांकडे.

हुसेनचाचा पाइप कापत होते. खर्र खर्र, खर्र खर्र.

"चाचा, चाचा, पाइप सांधा.
घाण काही थांबेना,
नळाला चांगलं पाणी येईना,
माझं पिल्लू डोळे उघडेना!"

चाचा म्हणाले, "मी तरी काय करू, बेटा? पाइपात पाणी वाहतंय. वाहत्या पाण्यात सांधा बसत नाही. गेनूकाका चावी फिरवू देत, मग मी पाइप सांधीन."

टुणुक टुणुक, भुर्र! शिंपीण गेली गेनूकाकांकडे.

उंच टाकीच्या पायाशी गेनूकाका बसले होते. त्यांच्याजवळ लांबच लांब लोखंडी चावी. इकडे फिरवली की गल्लीत पाणी सुरू. तिकडे फिरवली की बंद.

"काका, काका, चावी फिरवा.
पाइप कुणी सांधेना,
घाण काही थांबेना,
नळाला चांगलं पाणी येईना,
माझं पिल्लू डोळे उघडेना!"

गेनूकाका म्हणाले, "मी तरी काय करू, बाळा? गल्लीचं पाणी माझ्या मनानं बंद करता येत नाही. साहेब हुकूम सोडू देत, मग मी चावी फिरवीन."

टुणुक टुणुक, भुर्र! शिंपीण गेली साहेबांकडे.

साहेब पाणी खात्यात बसायचे. डोक्यावर पंखा. घुं घुं, घुं घुं. शिंपीण खिडकीत बसली. वाऱ्यानं तिची पिसं उडाली.

"साहेब, साहेब, हुकूम सोडा.
चावी काही फिरेना,
पाइप कुणी सांधेना,
घाण काही थांबेना,
नळाला चांगलं पाणी येईना,
माझं पिल्लू डोळे उघडेना!"

साहेब म्हणाले, "मी तरी काय करू? पाणी वाईट आहे, असं तू म्हणतेस. मला खात्री नको का? तपासणीच्या ताई पाणी तपासू देत, मग मी हुकूम सोडीन."

टुणुक टुणुक... भुर्र. आता शिंपिणीचे पंख दुखत होते. तरी ती गेली ताईंकडे.

रोहिणीताईंच्या टेबलावर काचेच्या नळ्या. किण किण, किण किण.

"ताई, ताई, पाणी तपासा.
हुकूम काही सुटेना,
चावी काही फिरेना,
पाइप कुणी सांधेना,
घाण काही थांबेना,
नळाला चांगलं पाणी येईना,
माझं पिल्लू डोळे उघडेना!"

ताई म्हणाल्या, "मी तरी काय करू, चिमणे? पाणी कुठंय? तुझ्या चोचीतला थेंब मला पुरायचा नाही. बाटलीभर पाणी हवं. बाटलीही उकळून घेतलेली हवी. गल्लीतलं कुणी बाटली भरून आणू दे, मग मी तपासीन."

शिंपीण परत फिरली. टुणुक... टुणुक... भुर्र.

आधी ती घरट्यात डोकावली.

"कसं आहे हो?" तिनं विचारलं.

बाबा म्हणाला, "अंग गार लागतंय गं याचं. लवकर ये."

शिंपीण गेली गल्लीतल्या आप्पांच्या दारात. आप्पा पाणी पीत होते. गट गट, गट गट.

"आप्पा, आप्पा, बाटली भरा.
पाणी कुणी तपासेना,
हुकूम काही सुटेना,
चावी काही फिरेना,
पाइप कुणी सांधेना,
घाण काही थांबेना,
नळाला चांगलं पाणी येईना,
माझं पिल्लू डोळे उघडेना!"

आप्पांनी फुलपात्र उजेडात धरलं. म्हणाले, "काय झालंय पाण्याला? जरा पिवळं आहे, इतकंच. मला काही होत नाही. जा बाई, जा."

धाड! दार लागलं.

शिंपीण पायरीवर बसून राहिली. आता कुणाकडे जायचं? तिला सुचेना. तिला उडवेना.

शेजारच्या घरातून आवाज आला. ऊं ऊं, ऊं ऊं. कुणीतरी कण्हत होतं.

शिंपीण गेली त्या दारात. उडत नाही, चालत चालत गेली.

आत होती वेणूची आई. मांडीवर होती वेणू. वेणू तुमच्याएवढीच. तिचं पोट दुखत होतं. तिचे ओठ सुकले होते. आई तिला चमच्या चमच्यानं पाणी पाजत होती.

शिंपीण हळूच म्हणाली,

"वेणूची आई, वेणूची आई,
बाटली कुणी भरेना,
पाणी कुणी तपासेना,
हुकूम काही सुटेना,
चावी काही फिरेना,
पाइप कुणी सांधेना,
घाण काही थांबेना,
नळाला चांगलं पाणी येईना,
माझं पिल्लू डोळे उघडेना!"

वेणूच्या आईचा चमचा थांबला. तिनं शिंपिणीकडे पाहिलं. मग वेणूकडे पाहिलं.

"तुझ्याही पिल्लाला?" ती म्हणाली. "अगं, माझी वेणूही त्याच नळाचं पाणी प्यायली!"

"मी तरी काय करू," असं काही ती म्हणाली नाही.

ती म्हणाली, "हे घे. हे पाणी उकळून गार केलंय. साखर आणि मीठ घातलंय. आधी पिल्लाला पाज."

शिंपिणीनं चोच बुडवली. भुर्र गेली. पिल्लाच्या चोचीत एक थेंब सोडला. परत आली. ताईंना उकळलेली बाटली हवी, हे सांगितलं. आणखी एक थेंब नेला.

तोवर वेणूच्या आईनं चूल पेटवली. पातेल्यात काचेची बाटली उकळली. खळ खळ, खळ खळ. उकळलेली बाटली नळाखाली धरली. बाटली भरली, बूच घट्ट लावलं. वेणूला खांद्यावर घेतलं. आणि निघाली. झप झप, झप झप.

ताईंनी बाटली घेतली. वेणूच्या कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "बाटलीचं मी बघते. तुम्ही आधी हिला दवाखान्यात न्या."

वेणू दवाखान्यात गेली. तिला औषध मिळालं.

ताईंनी पाणी तपासायला ठेवलं. जंतू पटकन दिसत नाहीत. वाट पाहावी लागते. ताईंनी वाट पाहिली. वेणूच्या आईनं वाट पाहिली. शिंपिणीनंही वाट पाहिली, आणि थेंब थेंब पाणी पिल्लाला पाजत राहिली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी भिंगातून पाहिलं. त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"साहेब," त्यांनी फोनवर सांगितलं, "शेवग्याच्या गल्लीचं पाणी वाईट आहे. लेकरं आजारी पडताहेत."

साहेब ताडकन उठले.

"गेनूकाका, पाणी बंद करा! आत्ताच्या आत्ता!"

हुकूम सुटला. कर्र कर्र, कर्र कर्र, चावी फिरली. नळाची टपटप थांबली.

गल्लीत गाडी आली. गाडीवर कर्णा. "ऐका हो ऐका! नळाचं पाणी पिऊ नका! टँकर येतोय! टँकरचं पाणीही उकळून प्या!"

आप्पांनी ते ऐकलं. हातातलं फुलपात्र खाली ठेवलं. मग ते वेणूच्या घरी गेले. दारात उभे राहिले.

"पोर कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"बरी होईल," वेणूची आई म्हणाली.

हुसेनचाचांनी रस्ता खणला. धप धप, धप धप. पाइप दिसला. पाइपाच्या पोटाला मोठं भोक. चाचांनी खराब तुकडा कापला. नवा तुकडा बसवला. पाइप सांधला. घाण थांबली.

कर्र कर्र, चावी पुन्हा फिरली. गुड गुड, गुड गुड. नळातून पाणी आलं. पिवळं!

शिंपीण घाबरली.

चाचा म्हणाले, "थांब बेटा. आतली घाण आधी वाहून जाऊ दे."

पाणी वाहिलं, वाहिलं. पिवळं गेलं. वास गेला. नितळ पाणी आलं. तरी कुणी प्यायलं नाही. वेणूच्या आईनं पुन्हा बाटली उकळली. पुन्हा भरली. ताईंनी पुन्हा तपासलं. सगळ्यांनी पुन्हा वाट पाहिली.

मग ताई स्वतः गल्लीत आल्या. म्हणाल्या, "आता प्या."

बाटली भरली,
पाणी तपासलं,
हुकूम सुटला,
चावी फिरली,
पाइप सांधला,
घाण थांबली,
नळाला चांगलं पाणी आलं!

शिंपिणीनं चोच भरून पाणी नेलं. पिल्लाला पाजलं.

पिल्लानं एक डोळा उघडला.

मग दुसरा उघडला.

बाबानं पंख बाजूला केला. पिल्लू हललं. पाय झाडून उभं राहिलं. जरा डुगडुगलं, पण उभं राहिलं.

वेणूही घरी आली होती. आईच्या कडेवर बसून ती घरट्याकडे बघत होती.

शिंपीण खाली उतरली. नळाखाली बसली. इतका वेळ तिनं सगळं पाणी पिल्लालाच नेलं होतं. आता ती स्वतः प्यायली. मान वर करून, डोळे मिटून, हळू हळू प्यायली.

चांगलं पाणी आलं नळाला,
गोष्ट टेकली तळाला.